नाकावर रुमाल धरून शिकलेली स्पॅनिश

"कापून राहिला, ते दिसते. कसं कापून राहिला, ते सांग." नाकावर रुमाल धरून काका रोज असंच बोलत.

भनपुरीत माझं कोंबडीचं दुकान. तुमी तिकून गेले असान, त वास आठवत असन. काका रेल्वेतून रिटायर झालेले, मागच्याच गल्लीतले. लेक स्पेनमध्ये, नात तिकडंच जन्मलेली. तिले मराठी येत नाही, हिंदी बी नाही. म्हणून काका मोबाईलवर स्पॅनिश शिकत आन माझ्या दुकानासमोर उभं राहून घोकत.

"जेव म्हणता येते बे मले. हळू जेव, नीट जेव, हे पाहिजे. आजोबाचं सारं काम त्यातच असते."

मी काम करू आन काका ते कसं होऊन राहिलं ते सांगत. 'लिंपियामेंते' म्हणजे स्वच्छपणे. "हा शब्द तुह्या दुकानात ठेवाले जागा नाही." मंग माश्या, पिसं, रक्ताची बादली आन तिच्यातच विसळलेला माझा चहाचा कप पाहून ते तोंड वाकडं करत. "सुसियामेंते." घाणेरडेपणानं. रोज तोच शब्द. मी शाळेत गेलो नाही, पण तेवढा पाठ झाला. मले वाटे माझंच नाव आहे.

एका सकाळी काका आले, रुमाल खिशातच.

"काहून काका, सर्दी झाली का? वास येऊन नाही राहिला?"

हसले नाही. मागच्या रविवारी नात व्हिडिओवर जेवत होती, तोंडभर सॉस. काकाले 'हळू' म्हणायचं होतं. निघालं 'सुसियामेंते', म्हणजे घाणेरडी जेवतेस. पोरगी रडत उठली. आता फोनवर येतच नाही.

"तुह्यापायी झालं. डोळ्यासमोर रोज घाण, तोंडात बी तेच आलं. दुकान धू. मले चांगले शब्द पाठ करायचे आहेत."

"गिऱ्हाईक ओळखणार नाही, काका."

"धू बे."

धुतलं. लाकडी ठोकळ्याखालून जे निघालं, ते पाहून मलेच ओकारी आली. आन मी त रोज तिथंच समोसा ठेवून खाऊन राहिलो होतो. काका रुमाल धरून म्हणत राहिले, "लिंपियामेंते. देस्पासियो." स्वच्छपणे. हळू.

रविवारी पोरगी फोनवर आली. 'देस्पासियो' ऐकून तिनं चमचा कसा उचलला, ते काकानं मले रिकाम्या हातानं करून दाखवलं.

आता काका लेकीकडंच राहाले गेले. मले टोकाले कोणी नाही. माश्या परत आल्या, बादली बी. परवा फोन आला.

"जयभीम बे. पोरीले दुकान दाखव."

मी ऐटीत मोबाईल फिरवला. पोरीनं पाहिलं, नाकावर रुमाल धरला, अगदी काकासारखा, आन एकच शब्द बोलली. तो मले येत होता.

फोन ठोकळ्याले टेकवला आन खराटा घेतला. आतून काकाचा आवाज आला, "देस्पासियो बे."