तिसरी पार्टी कोण?

मंडळी, मला एक सांगा, गाडीचा विमा उतरवताना विश्वास कोणावर ठेवायचा? एजंटवर? की बोईसरच्या बाजारात ताडपत्री आणि दोरखंड विकता विकता सगळ्या जगाचं ज्ञान झालेल्या माझ्यासारख्या शेटवर?

हिराबाईंनी माझ्यावर ठेवला. पुढचं सांगताना अजून जीभ अडखळते!

हिराबाई माझ्या दुकानासमोर सुकी मासळी विकतात. त्यांचा मुलगा नरेश मोटारसायकलवर सातपाटीहून टोपल्या आणून देतो. गाडीचा विमा संपत आला, तशा त्या विचारायला आल्या.

"शेट, एजंट म्हनतो फुल विमा घ्या. नुसता थर्ड पार्टीपन हाय, तो सस्ता. कोनता घेऊ?"

आता आमच्या धंद्यात पार्टी म्हणजे कोण? गिऱ्हाईक! 'मनोरची पार्टी आली', 'पालघरची पार्टी लय घासाघीस करते.' मी खुर्चीत रेलून निकाल दिला.

"पहिली पार्टी नरेश. दुसरी कंपनी. तिसरी कोण? गाडी मागून नेणारा! तुमची गाडी तर अख्खी आळी नेते. डोळे मिटून थर्ड पार्टी घ्या!"

घेतला. मग एकदा त्यांच्या भाच्यानं गाडी मागून नेली, उमरोळी स्टेशनाबाहेर लावली, आणि गेली की चोरीला!

नरेश डोकं धरून बसला. आणि मी? मी खूश!

"अहो, भाच्यानं नेली होती ना? म्हणजे अस्सल थर्ड पार्टी! चला."

छाती काढून मीच त्यांना एजंटकडे नेलं. तो म्हणाला,

"शेट, थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं ज्याला ठोकलं तो. भरपाई त्याची. आपली गाडी फुटली, चोरीला गेली, तर फुल विमा लागतो. मावशींना मी तेच सांगत होतो."

बाहेर आल्यावर हिराबाई म्हणाल्या, "शेट, चोरपन तिसरीच पार्टी ना? मंग त्याला भेटली की गाडी!"

त्या हसल्या. मला कुठलं हसू येतंय? पोराची कष्टाची गाडी माझ्या शहाणपणानं गेली होती.

मी माझ्या मोटारसायकलची किल्ली नरेशच्या हातात ठेवली. "नवी येईपर्यंत ही वापर."

त्यानं किल्ली घेत विचारलं, "शेट, हिचा विमा कोनता हाय?"

हिचाही नुसता थर्ड पार्टीच! माझं ज्ञान मी आधी स्वतःवरच वापरलं होतं!

आता हा किस्सा तुम्ही चार जणांत सांगणार, तिखटमीठ लावणार. लावा. फक्त हिशोब सरळ ठेवा. बाजारात अजून लोक 'एजंटनंच फसवलं' म्हणून त्याला शिव्या घालतात. ही चूक त्याच्या नावावर नको, माझ्या खात्यावर मांडा.