पुढचा दांडा

गेल्या आठवड्यात फाटकाच्या गंजलेल्या बिजागरीवर तेलाचा फवारा मारला आणि त्या वासाने २०१६ मधला, नावन या आयरिश गावातला आमचा ड्राइव्हवे आठवला. मेहुण्याने हौसेने आपली गाडी चार सेंटिमीटर खाली बसवली होती, तरी त्याला ती आणखी दीड सेंटिमीटर खाली हवी होती, आणि मध्ये येत होता पुढच्या दोन चाकांना जोडणारा, वळणावर गाडी कलू न देणारा दांडा. असाच फवारा मारून त्याने तो काढला आणि विचारलं, "भावोजी, दांड्याशिवाय चालेल ना?" मी टेप लावली: आणखी खाली बसवल्यावरही गाडीखाली नऊ सेंटिमीटर, कॉलनीतला स्पीडब्रेकर साडेसात. "चालेल," म्हणालो. गणेश चतुर्थीच्या सकाळी त्याच गाडीतून शेजारच्या ड्रोहेडा गावाहून मूर्ती आणताना पहिल्याच राउंडअबाउटच्या वळणाला गाडी अशी कलली, की बायकोच्या मांडीवरची मूर्ती दारावर आपटून गणपतीचा हात निखळला. "ताई, ग्रँड आहे गं, काही झालं नाही, ग्लूने चिकटेल," मेहुणा म्हणाला. "खंडित मूर्ती बसवू? तुझ्या डोक्यावर बसव!" ती कडाडली. त्या वर्षी आम्ही तांदळावर सुपारी मांडून पूजा केली. आरतीला आलेला प्रत्येक जण मूर्ती कुठे म्हणून विचारी आणि मी दर वेळी मेहुण्याच्या नावाने चडफडत सगळं सांगे. तो मान खाली घालून ऐकत होता. भावोजींनी मोजून होकार दिला होता, असं एकदाही म्हणाला नाही. बायकोला ते मीही अजून सांगितलेलं नाही.