आवळणं दादाचं, बघणं वहिनीचं

सायकल दुरुस्तीच्या दुकानातलं एकच काम माझ्या दादाला मनापासून आवडायचं, आणि नेमकं तेच कोणाला दिसत नाही. दोन्ही पेडलांना जोडणारा एक्सल ज्या नळीत फिरतो, ती नळी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. आत दोन्ही टोकांना ग्रीसमध्ये बसवलेले छर्रे, वर वाटीसारखे दोन कप. कप जरा जास्त आवळला की छर्रे त्याला चरे पाडतात, सैल राहिला की पेडल डुगडुगतं. बरोबर जागा बोटांनाच कळते. दादा चेन उतरवायचा, डावा हात नळीवर ठेवायचा आणि उजव्या हाताने पेडल अगदी सावकाश फिरवायचा. तेव्हा कोणी बोललेलं त्याला खपत नसे. मी बोलायचेच.

"उजवीकडचा कप आमच्या धाकटीसारखा," तो गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा. "आटे उलटे. सगळं जग जिकडे आवळतं, तिकडे हा सुटतो."

मी फणकारून निघून जायचे. दुसऱ्या दुपारी पुन्हा दुकानात हजर.

गेल्या वर्षी दूधवाल्याची सायकल आठ दिवसांत परत आली. "मिस्त्री, करकरतंय हो," तो म्हणाला. दादाने उघडून पाहिलं तर कपाला चरे पडलेले, म्हणजे त्यानेच जास्त आवळलेला. त्याने मुकाट्याने नवा कप घातला. त्यानंतर बॉटम ब्रॅकेटचं काम आलं की "ते मी सोडलं" म्हणायला लागला. नुसती पंक्चर काढत बसायचा. मी त्याला चारचौघांत आळशी म्हणाले.

आता वहिनीबद्दल. तिचं-माझं कधी फारसं जमलं नाही, हे कबूल करते. ती बोलायचीच नाही, आणि न बोलणाऱ्या माणसांचा मला संशय येतो. मुलगी आधी शाळेत, मग सासरी, दादा सकाळी सातला जायचा तो दिवेलागणीला परत. तीस वर्षं दिवसभर तिने घरात कोणाशी बोलायचं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मला स्वतःचीच टकळी पुरायची.

तीच वहिनी एका दुपारी दुकानात येऊन उभी राहिली. "अहो, महिनाभर सदरा बटणं न काढता डोक्यावरून घालताय. मला काय दिसत नाही?"

दादाने हात पुढे धरले. "बोटांना काही कळतच नाही गं. आधी मुंग्या यायच्या. आता तेही नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आळशी म्हणाले होते मी त्याला.

डॉक्टर म्हणाले, रक्तात कसलंसं जीवनसत्त्व कमी आहे. इंजेक्शनं सुरू केली. बोटं परत कधी जागी होतील, होतील की नाही, हे मात्र त्यांनाही सांगता येईना. दादा दुकान विकायला निघाला. "हातच गेले, आता दुकान घेऊन काय करू?" म्हणाला आणि आमच्या दोघींसमोर रडला.

"माझे आहेत ना," वहिनी म्हणाली.

त्याला ते पटलं नव्हतं. तरी त्याने एक सायकल उलटी ठेवली, चेन उतरवली, वहिनीचा हात नळीवर ठेवून तिला पेडल फिरवायला लावलं. "काय कळतंय?"

"आत वाळू आहे."

"वाळू नाही, घट्ट झालंय." त्याने डावीकडचा कप किंचित सोडला. "आता?"

"डुलतंय."

पाना किंचित उलटा फिरवून त्याने कप जरासा आवळला. "आता?"

वहिनीने डोळे मिटले आणि बराच वेळ पेडल फिरवत राहिली. मला घाबरायला झालं. मग ती ओशाळून म्हणाली, "आता काहीच कळत नाही हो."

"तेच!" दादा ओरडला. "काहीच कळायला नको. तेच तर पाहिजे!"

तेव्हापासून वहिनी घरचं आवरून रोज दुकानात येते. दादा आवळतो, ती बघते. दूधवाला आता सायकल आधी तिच्यापुढे उभी करतो. ती त्याच्या म्हशींची चौकशी करते, गिऱ्हाइकांची फिरकी घेते, माझीसुद्धा. तिचं हसणं दुकानाबाहेर ऐकू जातं. मी नणंद आहे म्हणून तीस वर्षं ती मला घाबरून गप्प होती की काय, असंही मनात येऊन गेलं. ते मी तिला विचारलेलं नाही.

परवा वहिनी मागच्या नळावर हात धूत होती. दादाने इकडेतिकडे पाहिलं, डावा हात नळीवर ठेवला, पेडल फिरवलं, कपाळाला आठी घातली, कप केसभर सोडला, पुन्हा फिरवलं. आठी गेली.

"दादा! तुला कळतंय!"

"हळू बोल गं बाई."

"कधीपासून?"

"झाले दोन महिने."

"अरे मग तिला सांगायचं नाही का? किती आनंद होईल तिला!"

त्याने मागच्या दाराकडे पाहिलं. "आनंद होईल. आणि उद्यापासून घरी बसेल."

मी काही बोलायच्या आत त्याने पाना लावला, बरोबर बसलेला कप चांगला घट्ट करून ठेवला आणि हाक मारली, "अगं, येतेस का जरा? मला काही समजत नाहीये."

वहिनी हात पुसत आली. तिने नळीवर हात ठेवला, पेडल फिरवलं आणि म्हणाली, "फार आवळलंत हो."