गरम काच

अन्याय झाला तो सविताक्कावर, माझ्या थोरल्या बहिणीवर. यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, हैदराबादजवळच्या दुर्बिणीचे आरसे घडवणाऱ्या कारखान्यात. करणारा तिथला मोठा साहेब.

आमच्या गावाहून, तामसीहून, आम्ही दोघी तिथं कामाला लागायला एकाच बसनं निघालो होतो. बस सुटता सुटता आई खिडकीशी येऊन म्हणाली, "कोनी किती बी घाई करो, दवातला कापूस तोलू नोका. वाळू द्या, मंग तोला."

"तिथं काच हाय वं माय, कापूस नाही," अक्का हसली.

काचेलाही तेच लागू होतं. हे मोठे आरसे वाटीसारखे एकसारखे गोल नसतात. मधून कडेपर्यंत वाक बदलत जातो, म्हणून मशीननंतर शेवटचा हात माणसाचा. घासलं की काच तापते, फुगते. ती रात्रभर निवू द्यायची, मगच तपासणी. अक्काचा हात यातच तयार झाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात पाहुणे यायचे होते. पॉलिश थांबून तास झाला नाही तोच साहेबानं तपासणी लावली. पडद्यावर मधोमध उंचवटा दिसला.

"साहेब, काच गरम हाय. उद्या बघू."

"कपास चुननेवाली हमें सिखाएगी? घिसो!"

अक्कानं घासलं. दुसऱ्या सकाळी काच निवली, तर उंचवटा नव्हताच, मधे खड्डा होता. घासलेली काच परत चिकटवता येत नाही. साहेबानं कागदावर लिहिलं, 'कारागिराच्या हाताची चूक', आणि अक्काला काढलं. आता दुसरा कारखाना तिला दारातही उभं करत नाही. गावी गेलं की बाया विचारतात, "काऊन वं, आरसा फोडला म्हने?"

मला समेट नको. ज्या हॉलमध्ये अक्काला हाकललं, तिथंच सगळ्या कामगारांसमोर साहेबानं म्हणावं, घाई मी केली. मग त्यालाही त्याच कागदानं घरी पाठवावं. तोवर मी ही पत्रकं वाटणारच. माझं घर आता तामसी नाही, हैदराबादही नाही. जिथं अक्काचं म्हणणं खरं धरतील, तेच घर.

त्या तपासणीला तिथं तिघं उभे होते. एक गुडीहत्नूरचा, दोघं भैंशाचे. तिघंही आपल्याच भागातले, तिघंही हे वाचून राह्यले. पॉलिश कधी थांबलं, तपासणी कधी लागली, तुमाला माहीत आहे. दोन्ही वेळा कागदावर लिहा, खाली सही करा, आणि कागद उद्या अक्काच्या हातात द्या.