राहिलेली तिहाई

आमच्या आईला कुठे न्यायचं म्हणजे घरचं लग्न असल्यासारखं. अख्खं कपाट पलंगावर आलं होतं. "आई, प्रदर्शन बघायला चाललोय, तुझा सत्कार नाहीये तिथे," मी म्हटलं. ती म्हणाली, "तू गप गं. आवाज द्यायचाय मला." आवाज द्यायला इरकल कशाला लागते, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

झालं होतं असं. आमच्या जयपुरातल्या कथक महोत्सवाचा सगळा इतिहास मांडणारं एक प्रदर्शन भरलं होतं. कुणाकडे जुनं काही असेल तर आणून द्या, असं त्यांनी लोकांना सांगितलं होतं. आईने मला पत्ता लागू न देता एक कॅसेट नेऊन दिली. आठवडाभराने तिथल्या मुलीचा फोन आला. रेकॉर्डिंग फार सुंदर आहे, पण शेवटी तुटलंय. आंटीजी, तो शेवट तुम्हाला अजून येत असेल तर म्हणाल का? आम्ही जोडून घेऊ.

येत असेल तर! त्या तुटलेल्या शेवटावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी बाबांच्या बदल्यांवरूनही झाली नसतील.

बाबा रेल्वेत. भुसावळहून बदली झाली आणि आम्ही इथे आलो. आईने मला मालवीय नगरातल्या एका कथकच्या क्लासात घातलं. मला काही ते झेपेना, मी पळून आले. आई मात्र मला सोडायला म्हणून गेली ती तिथेच रमली. पोरीबाळींच्या मागे उभी राहून तत्कार, म्हणजे पायांचे ठेके, करायची. क्वार्टरमधल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत, म्हणायची. तिचे पाय बेतास बात होते, पण बोल! नाचणारी काय नाचणार ते बोल हाताने ताल देत म्हणायचे, त्याला पढंत म्हणतात. ती पढंत आईची अशी काही बसली की गुरुजी नाच थांबवून ऐकत राहायचे.

एका वर्षी महोत्सवाच्या दिवशीच गुरुजींचा घसा बसला. ऐन वेळी ते आईला म्हणाले, तुम्ही बसा. आणि भुसावळची आमची आई, तबलजींच्या शेजारी, भरल्या मैदानासमोर पढंत करायला बसली. बाबा पुढच्या रांगेत मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन होते. सगळं झकास चाललं होतं. शेवटी तिहाई आली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्यांदा बरोबर समेवर येऊन थांबायचं. आईच्या तिहाईत दर तुकड्यानंतर थोडी थांबायची जागा होती. दुसरा तुकडा झाला, आई थांबली आणि बाबांनी बटण दाबलं.

"अगं, तेच तेच म्हणत होतीस, मला वाटलं संपलं. टेप कशाला वाया घालवायची?" हे त्यांचं म्हणणं. त्यावर आई जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसरा तुकडा, जिथे सगळ्यांच्या अंगावर काटा आला म्हणतात, तोच नेमका नाही. वर बाबांनी कधी "बरं झालं हो" एवढंही म्हटलं नाही. विचारलं की, "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" असं म्हणून पेपर उघडायचे. बाबा गेले, टेपरेकॉर्डर मोडीत गेला, कॅसेट डब्यात राहिली. शेवटपर्यंत ती कुणी कधी ऐकलीच नव्हती; लावली तरी तिहाई आली की आई रागाने बंद करायची.

म्हणून ही इरकल. आठवडाभर तर तिने उच्छाद मांडला होता. कणीक मळताना तिहाई, कुकरची शिट्टी झाली की तिहाई. दुर्गापुऱ्याहून निघालो तर रिक्षातही मांडीवर ताल चालू. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी मान फिरवून गोपालपुऱ्याच्या कोचिंगवाल्यांचे फलक वाचत बसले.

प्रदर्शन मात्र, खरं सांगते, दृष्ट लागण्यासारखं. मी नाक मुरडायच्या तयारीने गेले होते. हाताने रंगवलेली पोस्टरं, थंडीत शाली पांघरून ओल्या गवतावर बसलेले लोक, एका मोठ्या नर्तकीच्या पायातले झिजून गुळगुळीत झालेले घुंगरू. जुन्या रंगमंचाची एक फळीसुद्धा जपून ठेवली होती, पायांनी खड्डा पडलेली. आईने तिला वाकून हात लावला नि तो हात कपाळाला लावला. मला एकदम भरून आलं. आपण या माणसांच्या शहरात राहतो आणि आपल्याला पत्ताच नाही, असं झालं.

फक्त त्यात आई कुठेच नव्हती. त्या संध्याकाळचे फोटो होते की! पण पढंत करणारी बसते बाजूला, आणि फोटो निघतात नाचणारीचे. एकात आईच्या पदराचं टोक तेवढं दिसत होतं. मी तिथल्या तिथे कुणाशी तरी भांडणारच होते. आई म्हणाली, "असू दे. आवाज आहे ना."

ती मुलगी आम्हाला ऐकायच्या खोलीत घेऊन गेली. गोड होती पोर. आईला खुर्ची दिली, समोर माइक ठेवला आणि म्हणाली, आधी जुनं लावते, म्हणजे तुम्हाला लय मिळेल.

कॅसेट सुरू झाली. आईचा तरुण आवाज! काय ती धार, काय तो दमसास! मी बघतच राहिले. आई डोळे मिटून ताल देत होती. तिहाई आली. तिगधा दिगदिग थेई. थांबली. तिगधा दिगदिग थेई. थांबली. आणि त्या थांबण्यात अगदी जवळून, शेजारच्याच्या कानात बोलावं तसा, बाबांचा आवाज आला.

"झालं वाटतं. काय म्हणाली हो आमची!"

खट्.

आईचा हात हवेतच राहिला. मी तोंडावर ओढणी धरली. त्या मुलीला मराठी कळत नव्हतं, ती आमच्याकडे बघत राहिली. आईने डोळे उघडले नाहीत. ती त्या बंद पडलेल्या आवाजालाच म्हणाली, "अहो, झालं कुठं? अजून एक राहिलंय. थांबा की."

आणि तिने तिसरा तुकडा म्हटला. म्हाताऱ्या, थोड्या कापऱ्या आवाजात, पण समेवर अशी आली की मुलीच्या तोंडून "वाह" निघून गेलं.

मग ती हळूच म्हणाली, "आंटीजी, बीच में जो आदमी की आवाज़ है, वो साफ़ कर देंगे. बटन की भी."

आईने डोळे पुसले आणि आपल्या त्या भुसावळी हिंदीत तिला सांगितलं, "नहीं बेटा. वो हमारे मिस्टर हैं. उनको मत निकालो. मेरे को आज ही मिले हैं."