अबक त्रिकोणवाला

मॅट्रिकच्या वर्षी मी वरच्या गणिताचा अभ्यास सोलापुरात तळ्याकाठच्या बागेत करायचो, म्हणजे बाकावर डुलक्या घ्यायचो. समोर एक पोरगा लिंबाभोवती फिरत भूमितीची प्रमेयं मोठ्यानं घोकायचा. शर्टाला सुताचे तंतू चिकटलेले. प्रमेय संपलं की खोडावर एक थाप. कळत नसेल तर पाठ करा, ही तेव्हा सगळ्याच मास्तरांची शिकवण.

"लई मनावर घेतलंयस की," मी एकदा म्हणालो.

"नापास झालो तर बापानं माग तयार ठिवलाय."

परीक्षेत तो माझ्याच पुढं बसला. प्रमेय त्यानं घोकलेलंच आलं. फक्त त्रिकोण अबकऐवजी पफम होता. तो उभा राहिला.

"सर, ह्यो त्रिकोण आमाला न्हाय."

"मग काय घरनं आणतोस व्हय रे? बस खाली!"

वर्ग हसला. घंटा होईपर्यंत तो कोऱ्या कागदावर हलकेच थापा मारत राहिला.

कळलं मलाही काही नव्हतं. मी आपला अबकच्या जागी पफम लिहीत गेलो आणि काठावर सुटलो. तो बागेत पुन्हा दिसला नाही.

आता घरात मुलांचं गणित माझ्याकडे असतं. त्यांनी "असं का?" विचारलं, की मी घसा खाकरून सांगतो, "पाठ करा."