कॉम्प्युटर माझ्यावर गेला

चाळिशी उलटल्यावर मी सावेडीत प्रोग्रामिंगचा क्लास लावला. नवऱ्याच्या मते हे उतारवयातले थेर होते. पण त्याच्या मतांना मी घरात फारसं बसू देत नाही. त्या आठवड्याचा सराव असा होता की मजकुरातला ठरावीक नमुना शोधायचा आणि त्याच्या जागी दुसरा घालायचा. क्लासमधल्या छोट्या उताऱ्यावर माझी आज्ञा पहिल्याच फटक्यात चालली, आणि मी लगेच हवेत!

तेवढ्यात कर्जतहून आईचा फोन आला. बचत गटातर्फे महिला मेळाव्यात तिला भाषण करायचं होतं. जन्मात पहिल्यांदाच. मोबाईलवर टाईप करून तिनं ते मला पाठवलं होतं, बोलते अगदी तसंच.

"माजं बोलनं आयकून लोकं हसतील गं. शुद्ध करून दे. न्हाईतर मी जातच न्हाई."

आवाज कापरा होता, म्हणजे गंमत नव्हती. हातानं दुरुस्त केलं असतं तर चहा निवायच्या आत झालं असतं. पण मग क्लासची फी कशाला भरली?

आई 'पानी', 'कोन' लिहिते. म्हणून 'न्हाई'चं 'नाही' आणि 'हाय'चं 'आहे' केल्यावर मी शेवटची आज्ञा दिली: 'न' दिसला की 'ण' कर. न वाचताच पाठवून दिलं आणि कुकर लावायला गेले.

शिट्टी व्हायच्या आत पुन्हा फोन. आई वाचून दाखवत होती, "णमस्कार. या आहेस्कूलच्या मैदाणावर मी मणापासूण सांगते, माज्या णणंदेशिवाय हे काम झालं णसतं..." पुढं तिला बोलवेना. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"अगं, मावशीकडं सावेडीच्या शाळंत गेल्तीस तवा तू असंच बोलायचीस! 'आई, मणगट दुखतंय.' कॉम्प्युटर तुज्यावरच गेलाय."

खरं होतं. पाचवीत मी 'पानी' म्हटल्यावर वर्ग हसला, तेव्हा खबरदारी म्हणून मी दिसेल त्या 'न'चा 'ण' केला. वर्ग आणखी हसला. ते हसू मला अजून लागतं, आणि आईच्या वाट्याला ते येऊ नये असं फार वाटत होतं. "थांब, हातानं नीट करून देते," मी म्हटलं.

"नगं. ऱ्हाऊ दे."

मेळाव्याच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत जीव मुठीत धरून बसले होते. आई माईकसमोर उभी राहिली, पदर सारखा केला आणि ठसक्यात म्हणाली, "णमस्कार!"

बाया चपापल्या, मग एकीला हसू फुटलं आणि सगळं मैदान खिदळायला लागलं. आईनं ते हसू सावकाश ओसरू दिलं.

"हे आमच्या पोरीच्या कॉम्प्युटरचं मराठी हुतं. आता माजं आयका. पानी प्या, निवांत बसा. मला लई बोलायचं हाय."